पांढऱ्या मुठीचा चाकू

तांब्यापितळेच्या कामात सबंध निपाणी पेठेत भुजबली कासाराचा शब्द अखेरचा मानला जात असे. घागर चोख पितळेची की भेसळीची, हे तो नखाच्या एका टिचकीने सांगे, आणि त्याने एकदा सांगितले की मग दुसऱ्या कोणास विचारण्याची रीत नव्हती. परंतु त्याचे नाव दूरवर पोहोचले होते ते चाकूंमुळे. खिशात मावणारे, मिटणारे, पितळी मुठीचे चाकू तो करीत असे. पाते लोहाराकडून घडवून आणावे आणि मूठ मात्र आपल्या हाताने बसवावी, असा त्याचा वीस वर्षांचा परिपाठ होता. तंबाखूच्या वखारीतले दलाल बोद, म्हणजे तंबाखूचे गोणपाटी गठ्ठे, फाडण्यास तेच चाकू वापरीत, आणि निपाणीपासून चिकोडीपर्यंतच्या जैन शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत त्यावाचून दुसऱ्या चाकूस प्रवेश नसे. याचे कारण उघड होते. बाजारातल्या इतर चाकूंच्या मुठी शिंगाच्या किंवा हाडाच्या असत, आणि जिवाच्या अंगातून निघालेली वस्तू अन्नाजवळ ठेवणे या घरांना मान्य नव्हते. भुजबली स्वतः जैन होता. गिऱ्हाइकाच्या हाती चाकू देताना तो न चुकता म्हणे, "पितळ खाणीतनं येतंय. त्येच्यापायी कुणाचा जीव गेल्याला न्हाय."

पुढे सन एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमारास बेळगावच्या दुकानांतून एक नव्या तऱ्हेचा विलायती चाकू येऊ लागला. त्याची मूठ दुधासारखी पांढरी, वजनाला हलकी आणि हाताला ऊबदार होती. ती सेल्युलॉइड नावाच्या कृत्रिम मसाल्याची असते, असे दुकानदार सांगत. ते खरे मानावे की नाही, याविषयी निपाणीत दोन मते होती. भुजबलीने असा चाकू कधी हातात घेतला नव्हता, आणि घेण्याची त्यास इच्छाही नव्हती. मात्र गेल्या वर्षापासून आपल्या दुकानी येणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या रोडावली आहे, हे त्याच्या ध्यानी आल्यावाचून राहिले नव्हते.

त्याच वर्षी माघ महिन्यात एक दिगंबर मुनिमहाराज विहार करीत निपाणीस येणार आणि तीन दिवस मुक्काम करणार अशी वार्ता आली. तिने सर्व जैन आळी जणू नव्याने जागी झाली. मुनिमहाराज दिवसातून एकदाच, उभ्याने, आपल्या हातांच्या ओंजळीत आहार घेतात. ज्या घरी शुद्ध अन्नपाण्याचा चौका मांडलेला असेल, त्या घरचे लोक सकाळी कलश घेऊन दारात उभे राहतात. महाराज मौनाने रस्त्यातून चालत येतात आणि ज्या दारापुढे थांबतील त्या घराचे भाग्य. कोणाच्या दारी थांबावे, हे त्यांच्या मनात योजलेल्या खुणेवर असते आणि ती खूण कोणास ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक घराने केवळ तयारीने उभे राहावे, एवढेच माणसाच्या हाती.

चौके मांडणाऱ्यांत तारामती नावाची एक विधवा होती. दोन एकर तंबाखूची शेती ती एकटी पाहत असे. तिच्या लग्नानंतर एकदाच मुनींचे पाऊल या गावास लागले होते. त्या वेळी नेमके घरात सुतक पडले आणि तिला दारात उभे राहता आले नाही. त्या गोष्टीस अकरा वर्षे झाली होती. या खेपेस मात्र तिने महिनाभर आधीपासून तयारी चालविली होती. गहू एकेक दाणा निवडून, धुऊन, वाळवून ठेवले होते. जाते धुतले होते. विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरण्याचा तिने नेम केला होता. जन्माला येऊन एकदा तरी आपल्या हातचा घास महाराजांच्या ओंजळीत पडावा, यापलीकडे तिचे मागणे नव्हते.

महाराज येण्याच्या आदल्या दिवशी बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, उपाध्ये घरोघर चौके पाहण्यास निघाले. भांड्यांची पारख असावी म्हणून त्यांनी भुजबलीस बरोबर घेतले होते. तारामतीच्या घरचे स्वच्छ सारवण आणि झाकून ठेवलेले पीठ पाहून उपाध्यांनी समाधानाने मान हलविली. ते दोघे निघणार, तोच भुजबलीची दृष्टी फळीवर गेली. तेथे पांढऱ्या मुठीचा एक मिटलेला चाकू होता.

भुजबलीने उपरण्याचा पदर हाताभोवती गुंडाळला आणि त्या पदराआडून चाकू दोन बोटांत उचलला. ती वस्तू हाड असेल तर तिला उघड्या हाताने शिवणे त्यास शक्य नव्हते. आणि शिवल्यावाचून तिची पारख होणेही शक्य नव्हते. ही अडचण त्या घटकेस त्याला उमगलीच नाही. घागरीस मारतो तशी टिचकी त्याने मारली नाही, नखाने ओरखडूनही पाहिले नाही. विस्तवास लावून पाहावे, तर हाडाच्या धुराने चौका तत्क्षणी भ्रष्ट झाला असता. त्याने फक्त खिडकीच्या उजेडात मूठ धरून पाहिली. तिच्या पांढरेपणात केसाहून बारीक अशा पिवळसर रेषा एकीशेजारी एक गेलेल्या होत्या.

"मसाल्याला अशी रेघ कुठली?" तो म्हणाला. "ही हाडाची रेघ हाय."

तारामतीचा चेहरा उतरला. "आप्पा, माझ्या भावानं बेळगावास्नं आणलाय त्यो. आमचा म्हावीर बहिणीच्या घरात हाड आणंल व्हय?"

"त्यानं जाणून आणलं असं कोण म्हणतंय गं?" उपाध्ये म्हणाले. "दुकानदारानं फसिवलं आसंल."

चाकू वर्षभर वापरात असल्याचे तिने स्वतःच सांगितले. खोटे बोलण्याची तिला सवय नव्हती. तेव्हा उपाध्यांनी निवाडा केला की, ज्या घरात वर्षभर हाडाने चिरलेले शिजले त्या घरची सारी भांडी अग्नीतून काढली पाहिजेत, जमीन उकरून पुन्हा सारविली पाहिजे आणि बाईने तीन उपवास केले पाहिजेत. तोवर महाराज पुढल्या गावी गेलेले असणार. म्हणजे या खेपेस तिचा चौका नाही. शेजारच्या अंगणातून कोणी बाई मोठ्याने म्हणाली, की पितळ जड होतंय म्हणणाऱ्यांना विलायती हौस अशी नडते. तारामतीने तिकडे पाहिले नाही. तिने चाकू भुजबलीपुढे सरकविला.

"पातं चांगलं हाय," ती म्हणाली. "तेवढं हाड काढून टाका आन् तुमची पितळेची मूठ बसवा."

त्याच दुपारी तिने महिनाभराच्या मेहनतीचे पीठ पाटीत भरून गुरांपुढे ओतले.

दुसऱ्या दिवशी मुनिमहाराज आले. बस्तीत दर्शनास माणूस मावेना. पहिल्या दिवसाचा आहार एका शेतकऱ्याच्या घरी निर्विघ्न पार पडला, आणि दुपारी भुजबली आपल्या दुकानी येऊन कामास बसला. तारामतीच्या चाकूची मूठ काढायची होती. हाडास हात लागू नये म्हणून त्याने चाकू सांडशीत धरला आणि मुठीच्या दोन्ही पट्ट्या पात्यास जोडणारे खिळे ढिले व्हावेत म्हणून भट्टीत तापवून लाल केलेली एक सळई त्या खिळ्यांवर टेकविली.

सळई पांढऱ्या पट्टीस जराशी लागली मात्र, एकदम फर्र करून जाळ उठला. भुजबलीची मिशी करपली. त्याने सांडशी झटकली, चाकू जमिनीवर पडला, आणि पाहता पाहता वरची पट्टी जळून नाहीशी झाली. चिमूटभरही राख उरली नाही. जो वास पसरला तो मात्र निराळाच होता. हाड आणि केस जळाल्याचा वास त्यास स्मशानातून ठाऊक होता. हा तो नव्हता.

त्याची बायको जयाबाई माजघरातून लगबगीने आली. "दुकानात कापूर कोण जाळतंय?" तिने विचारले. भुजबलीने बोटाने चाकू दाखविला. ती वाकली, तिने वास घेतला, आणि तिच्या कपाळास आठी पडली.

"आवं, ह्यो तर फणीचा वास. माझी जत्रंतली पांढरी फणी चुलीम्होरं पडलेली तवा अश्शीच भडकली हुती. कापराचा मसाला आसतोय म्हणं त्यात." मग तिच्या सारे लक्षात आले. तिने नवऱ्याकडे पाहिले. "म्हंजी हाड न्हवतंच की."

 भुजबलीने चाकू प्रथमच उघड्या हातात घेतला. दुसऱ्या बाजूची पट्टी शाबूत होती. तिच्यावरच्या रेषा त्याने बोटाने चाचपल्या, तेव्हा त्यास कळून आले की त्या कोठेही फुटत नाहीत, वळत नाहीत, फणीच्या दातांसारख्या सारख्या अंतरावर आखलेल्या आहेत. जिवंत शरीरात इतकी नेमकी रेघ कोणी ओढत नाही. वीस वर्षे जिनसांची पारख करणाऱ्या माणसास हे एका क्षणात दिसावयास हवे होते. पदर हाताला गुंडाळला नसता तर दिसलेही असते.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा," जयाबाई म्हणाली.

त्याने तिला समजाविण्याचा प्रयत्न केला. महाराज गावात आहेत, बस्तीत शेकडो माणसे आहेत, अशा वेळी आपला शब्द आपणच खोटा पाडला तर उपाध्यांचीही मान खाली जाईल. महाराज पुढे गेले की दोन दिवसांनी सावकाश सांगू, असे तो म्हणाला.

"दोन दिसांनी सांगून तिला काय घावणार?" जयाबाईने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ती आत गेली.

त्या संध्याकाळी भुजबली दोनदा तारामतीच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि दोनदा परतला. त्याच्या मनास एक प्रश्न पोखरीत होता. त्या रेषांस हाड म्हणताना आपण खरोखर हाडच पाहिले, की आपल्या दुकानाचे ओस पडत चाललेले जोते पाहिले? त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. पण हे की ते, हे त्यास ठरविता येईना. आपण लबाडी केली असे निश्चित कळते तर एक वेळ सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून भुजबली आणि जयाबाई आपल्या दारात उभे राहिले. त्यांचाही चौका मांडलेला होता. आणि चौका मांडून ऐन वेळी दारात न उभे राहावे, तर लोक कारण विचारतील ही त्यास भीती होती. महाराज मोठे आहेत, गावात आणखी वीस चौके आहेत, ते आपल्याकडे थांबणार नाहीत, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. उन्हे अंगणात उतरली. आळीच्या तोंडाशी लोकांची हालचाल शांत झाली, आणि उजव्या हाताची बोटे खांद्यास टेकवून, डाव्या हाती मोरपिसांची पिंछी व कमंडलू घेऊन महाराज येताना दिसले. दृष्टी जमिनीवर होती. एक दार गेले, दुसरे गेले. भुजबलीच्या दारापुढे ते थांबले.

लोकांतून एक समाधानाचा सुस्कारा उमटला.  भुजबलीने नमोस्तु म्हटले. दोघांनी महाराजांना तीन प्रदक्षिणा घातल्या. आता घरात बोलाविण्यापूर्वी दात्याने आपल्या शुद्धीचे वचन सर्वांदेखत उच्चारावयाचे असते. ते झाल्यावाचून महाराज उंबरठा ओलांडत नाहीत.

"मनशुद्धी," भुजबली म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. पुढला शब्द 'वचनशुद्धी' होता. तो ओठांपर्यंत आला आणि तेथेच अडला. त्याने जयाबाईकडे पाहिले, की तिने तरी तो उच्चारावा. तिची मान खाली होती आणि ओठ मिटलेले होते.

महाराज उभे होते. त्यांच्या मुद्रेवर राग नव्हता आणि उतावीळही नव्हती. उपाध्ये मागून हळूच म्हणाले, "म्हण की रं पुढचं. इसारलास काय?"

"इसारलो न्हाय," भुजबली म्हणाला. "माझं वचन शुद्ध न्हाय."

महाराज क्षणभर तसेच थांबले. मग संथ पावलांनी पुढल्या दाराकडे वळले. त्या दिवसाचा आहार आळीच्या टोकाच्या घरी झाला. भुजबली कलश हातात घेऊन, जेथे उभा होता तेथेच उभा राहिला, आणि आहार आटोपून लोक परतले तेव्हा त्याने सर्व हकीकत त्यांना सांगितली. कोणी त्यावर विश्वास ठेवीना. एकजण म्हणाला की, आप्पाने पट्टीस कापूर चोळला असेल. दुसरा म्हणाला, की बाईने रडून त्याचे मन वळविले. तेव्हा त्याने चिंधीत बांधून ठेवलेली चाकूची उरलेली पट्टी बाहेर काढली, राखेने घासून पाण्याने धुतली, आणि ओट्यावर ठेवून तिला जळता निखारा लावविला. निखारा उपाध्यांच्याच हातातल्या सांडशीत होता. जाळ उठला, विझला, आणि सर्वांनी वास घेतला. 

"हे काल कळलं तुला?" उपाध्यांनी विचारले.

"काल दुपारी."

"मग काल का न्हाय सांगितलंस?"

"भ्यालो," भुजबली म्हणाला.

उपाध्ये बराच वेळ जळलेल्या जागेकडे पाहत राहिले. निवाडा त्यांनी दिला होता, आणि एक प्रश्नही उलट न विचारता दिला होता, हे त्यांना त्या क्षणी जाणवले असावे. कारण ते भुजबलीस आणखी बोलले नाहीत. तारामतीचा चौका निर्दोष आहे आणि उद्या तिने दारात उभे राहावे, एवढे त्यांनी जाहीर केले.

तो निरोप भुजबली स्वतः घेऊन गेला, जयाबाई त्याच्यामागून होती. तारामती उपवासात होती. दुसऱ्या उपवासाचा शीण तिच्या डोळ्यांखाली दिसत होता. भुजबलीने उभ्यानेच सर्व सांगितले, काही वगळले नाही. ती ऐकून घेत राहिली.

"माझं पीठ गुरांनी खाल्लं, आप्पा," ती अखेरीस म्हणाली.

 ते बोलून ती उठली. कोठीत धुवून वाळविलेले चार शेर गहू अद्याप शिल्लक होते. तिने जाते पुन्हा धुण्यास घेतले. जयाबाईने पदर खोचला, खुंट्याची दुसरी बाजू धरली, आणि त्या दोघींचे दळण सुरू झाले. भुजबलीस तेथे काहीच काम नव्हते. दारात घुटमळत त्याने विचारले, "आक्का, पातं माझ्याकडंच हाय. त्याला मूठ कसली बसवू?"

"पितळी नगं," तारामती जाते न थांबविता म्हणाली. "ओल्या हातात निसटती ती. आन् लिंबू चिरलं की कळकती. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून इतकी वर्सं कुणी बोललं न्हाय. पांढरीच आणा."

"बेळगावास्नं आणतो," तो म्हणाला. पितळेच्या बाजूने बोलण्यासारखे त्याच्यापाशी पुष्कळ होते. तो बोलला नाही.

तिसरा दिवस मुक्कामाचा अखेरचा होता. त्या सकाळी भुजबलीने आपला चौका मांडला नाही; तो समोरच्या भिंतीशी लोकांत उभा राहिला. तारामती आपल्या दारात एकटी उभी होती. अंगावर धुतलेले पांढरे लुगडे, दोन्ही हातांत कलश, त्यावर नारळ. महाराज आले. तिने स्पष्ट, न अडखळणाऱ्या आवाजात त्यांना थांबण्याची विनंती केली.  महाराजांची पावले तिच्या दारापुढे आली, तशीच त्याच गतीने पुढे गेली, आणि कोपऱ्यावरच्या घरापुढे थांबली. त्यांच्या मनातली खूण तिच्या दारी नव्हती; ती कोणती होती, हे कोणास कळले नाही आणि कळणारही नव्हते.

कदाचित काल असती. काल सकाळी तारामती दारात उभी असती तर महाराज तेथे थांबलेही असते. हा विचार भुजबलीच्या मनात आला, आणि तो कधीच जाणार नाही हेही त्यास त्याच वेळी कळले.

पिंछीची निळी टोके त्या घराच्या दाराआड जाईपर्यंत तारामती तशीच उभी राहिली. मग तिने कलश खाली ठेवला. लोकांना वाटले, आता ती रडेल. ती आत जाऊन परत आली, आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या भुजबलीस तिने हाक मारली. तो पुढे आला तरी उंबरठ्याबाहेरच थांबला.

"आत या आप्पा, पाट मांडलाय."

"मला कशाला, आक्का? माझी काय लायकी?"

"तेरवा चौका बघायला आलतासा, तवा उभ्यानंच बघून गेलासा," ती म्हणाली. "आता बसून बघा."

सर्व आळी पाहत होती. उपाध्येही तेथेच होते. भुजबलीने हातपाय धुतले आणि तो पाटावर बसला. जे अन्न दुसऱ्या ओंजळीसाठी रांधले होते ते तिने त्याच्या ताटात वाढले. पहिला घास तोंडात घेतला, पण तो त्याच्या गळ्याखाली उतरेना. तारामती हातात पळी घेऊन समोर उभी राहिली. तो घास उतरेपर्यंत ती जागची हलली नाही. मग तिने विचारले, "आणखी भात वाढू?"

भुजबलीने मान हलवून होय म्हटले.